शाळेच्या उपक्रमासाठी दहा-पंधरा हजार रुपये कुठून आणि कसे मागावेत?

प्रश्न जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. पहिली ते चौथी, पट ३४. मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाचायला काही नाही, म्हणून त्यांनी ८५ हजारांचा प्रस्ताव केला: दोन कपाटं, गोल टेबलं, भिंतींचं रंगकाम, स्मार्ट टीव्ही आणि पुस्तकं. तीन ठिकाणी दिला, कुठूनच उत्तर नाही. त्या विचारतात, शिक्षकाला अशा कामासाठी थोडे पैसे देतं तरी कोण, अर्जात काय लिहायचं, पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे, आणि टीव्ही मागावा की नाही?

मॅडम, एका छोट्या धर्मादाय न्यासाकडे शिक्षकांचे अर्ज येतात. ते वाचायचे आणि पुढे शाळेत जाऊन काम बघायचं, हे मी बरीच वर्षं करतो आहे. आमची झेप पंधरा-वीस हजारांपर्यंतची. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा प्रस्ताव वाईट म्हणून मागे पडला असेल असं मला वाटत नाही. ८५ हजार ही रक्कमच अडनिडी आहे. गावातल्या देणगीदाराला ती झेपत नाही आणि कंपनीच्या दृष्टीने ती खिजगणतीत नाही. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली ज्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्या कंपन्या म्हणजे नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या पुढच्या. त्यांचा पैसा बहुतेक वेळा नोंदणीकृत संस्थेमार्फत फिरतो, आणि एका संस्थेला पन्नास शाळा देणं त्यांना एका शाळेला ८५ हजार देण्यापेक्षा सोपं जातं. तेवढेच कागद, तेवढाच हिशेब तपासायचा. तेव्हा एकट्या शाळेने कंपनीच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. तालुक्यात एखादी संस्था अशा निधीवर काम करत असेल तर तिच्या यादीत शाळेचं नाव घालून घ्या, एवढं पुरे.

आता सरकारी पैसा. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची सरकारी योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान मिळतं. तुमच्या पटाला वर्षाला २५ हजारांचा टप्पा लागू होतो. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्टेशनरी. प्राथमिकला ग्रंथालयासाठी ५ हजारांपर्यंत आणि खेळासाठी ५ हजारांपर्यंत वेगळी तरतूद असते. ती पूर्ण मिळते का, वेळेवर मिळते का, आणि पैशाच्या रूपात मिळते की वरून ठरलेल्या यादीतली पुस्तकं येऊन पडतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बऱ्याच शाळांत मार्चच्या तोंडावर रक्कम येते आणि ३१ तारखेच्या आत संपवायची धावपळ होते. अशा पैशातून बिलं भागतात. उपक्रम उभा राहायला लागणारी सवड त्यात नसते.

जुन्या शिक्षकांना आठवत असेल, त्याआधीच्या सर्व शिक्षा अभियानात दर शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. त्याची टिंगल खूप झाली, आणि पुढे पुढे अनेक ठिकाणी केंद्रातल्या साऱ्या शाळांची बिलं एकाच दुकानाची दिसू लागली हेही खरं. तरी माझ्या मते ती रक्कम मोलाची होती. आपल्या वर्गाला काय लागतं हे शिक्षकाने स्वतः ठरवून खर्चायचा दुसरा पैसा त्याच्या हातात येतच नसे. कार्डशीट, मणी, घोटीव कागद, शब्दपट्ट्यांसाठी स्केचपेन. बाहेरून मिळणाऱ्या छोट्या अनुदानाने आज तीच जागा भरायची असते, आणि इथेच बहुतेक अर्ज वाट चुकतात. ते सरकारने द्यायच्या वस्तू मागतात.

मग मागायचं काय? मोठ्या योजना जिथे संपतात आणि मूल जिथे उभं असतं, त्या दोहोंमधल्या फटीचा खर्च मागायचा. सह्याद्रीच्या घाटाखालच्या एका शाळेतून आलेला अर्ज सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलं तपासतं. त्या वर्षी नऊ मुलांना नजरेचा दोष निघाला, पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली. ग्रामीण रुग्णालयात तपासणी मोफत, अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्माही मोफत. सहा महिन्यांनी नऊपैकी एकाच मुलाच्या डोळ्यावर चष्मा होता. कारण रुग्णालय ४० किलोमीटरवर, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, आणि मुलाला न्यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. त्या गुरुजींनी आमच्याकडे ३,८०० रुपये मागितले होते: जीपच्या दोन फेऱ्या, मुलांबरोबर येणाऱ्या दोन पालकांना दिवसाचा रोज, सगळ्यांना जेवण. चष्म्याची दुसरी फेरी का लागते (पहिल्यांदा नंबर काढतात, चष्मा तयार होऊन नंतर मिळतो) हेही एका ओळीत लिहिलं होतं. सोबत पथकाच्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स आणि जीपवाल्याचा हाताने लिहिलेला दर. असा अर्ज नाकारायला कारणच सापडत नाही. डॉक्टर सरकारचा, चष्मा सरकारचा, अडलं होतं जीपचं भाडं.

अशा फटी प्रत्येक शाळेत असतात आणि त्या शिक्षकापेक्षाही कधीकधी पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना किंवा शिपायाला आधी दिसतात. एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिपाई मामा सुटीत फाटकी पुस्तकं शिवत बसायचे. त्यांच्या नावाने बांधणीचा दाभण, दोरा, कापडी पट्टी आणि खळ यांसाठी मुख्याध्यापकांनी दीड हजार मागितले. ग्रंथपालाचं पद तिथे रिकामं होतं. दुरुस्त झालेली पुस्तकं नव्या पुस्तकांपेक्षा जास्त फिरली, कारण मामा स्वतः ती मुलांच्या हातात ठेवायचे. अनुदान फक्त शिक्षकालाच मागता येतं असा समज असेल तर तो काढून टाका.

तुमच्या प्रस्तावाकडे येतो. ८५ हजारांत पुस्तकांचा वाटा किती होता? मला आलेल्या अशा प्रस्तावांत तो बहुधा पाचव्या हिश्शाहून कमी असतो. कपाट पहिलं काढून टाका. कपाट जडवस्तू संग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) चढतं, त्यातली पुस्तकं मुख्याध्यापकाच्या जबाबदारीवर येतात, एखादं हरवलं तर तपासणीत जाब द्यावा लागतो, म्हणून कुलूप लागतं आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात जाते. यात त्यांचा दोष नाही, व्यवस्थाच तशी आहे. त्यापेक्षा वर्गात मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधा आणि कपड्याच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकवा. मुखपृष्ठ समोर दिसतं, मूल हात घालून काढतं. आणि शाळा व्यवस्थापन समितीकडून आधीच ठराव करून घ्या की वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत पुस्तकं फाटली वा हरवली तर ती वापरात खर्ची पडली असं धरावं. निर्लेखनाची, म्हणजे वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची, रीतसर पद्धत वेगळी आहे, ती पाळावीच लागेल. पण हा ठराव असला की तुमच्या मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडतो.

पहिली-दुसरीच्या मुलाला दर पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र असलेली पुस्तकं लागतात. प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन यांच्याकडे ती मिळतात. बोधकथांचे जाड संच घेऊ नका. देणगीदाराला ते भरगच्च दिसतात, मुलं हात लावत नाहीत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत आणि परवाना खुला असल्याने छापून वर्गात वापरता येतात. बालभारतीने ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत, चौथीच्या मुलांना त्यातल्या गोष्टी निवडून द्या. म्हणजे पैशाआधीच सुरुवात होऊ शकते, आणि ती करा. दोन महिने सुतळीवर वीस छापील गोष्टी लटकवून, कोणत्या मुलाने काय वाचलं याची साधी वही ठेवून मग अर्ज केलात, तर तो अर्ज इतरांपेक्षा वेगळा उठून दिसेल.

अंदाजपत्रक मी असं करीन. सरासरी ६० रुपयांची १२० पुस्तकं, ७,२०० रुपये. सुतळी, चिमटे, खिळे ६००. बांधणीची पट्टी, डिंक, प्लास्टिक कव्हर ९००. जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन पुस्तकं निवडून आणायचा प्रवास ८००. दिवाळीनंतरच्या सत्रात मुलांनी मागितलेली नवी ४० पुस्तकं, २,४००. झेरॉक्स आणि नोंदवह्या ५००. एकूण १२,४००. यातल्या दोन ओळी अर्ज वाचणाऱ्याच्या डोळ्यात भरतात. एक प्रवासाची, कारण तिच्यावरून कळतं की पुस्तकं शिक्षिका स्वतः चाळून निवडणार आहे, फोनवर संच मागवणार नाही. दुसरी, दिवाळीनंतरच्या पुस्तकांची. पहिला साठा डिसेंबरपर्यंत मुलांचा वाचून होतो, आणि बहुतेक वाचनकोपरे तिथेच मरतात. उलट ‘इतर खर्च २,०००’ अशी ओळ दिसली की माझा हात थांबतो.

अर्ज एका पानाचा करा. शिक्षणाचं महत्त्व, थोर पुरुषांची वचनं, ग्रामीण भागातील मुलांच्या सुप्त गुणांना वाव, हे सगळं वगळा. तुमच्या आधीच्या दहा अर्जांत तेच असतं. पहिल्याच परिच्छेदात आजची स्थिती आकड्यात लिहा. उदाहरणार्थ: ‘आमच्या ३४ मुलांपैकी २१ मुलं सोपा परिच्छेद अडखळत का होईना वाचतात. सात मुलं अक्षरं ओळखतात, शब्द जुळवत नाहीत. बाकीची सहा पहिलीची, आत्ताच आली आहेत.’ मग वेळ: ‘परिपाठानंतर रोज वीस मिनिटं सगळी शाळा वाचते, मीही वाचते.’ मग माणूस: ‘पुस्तकांची देवाणघेवाण चौथीची दोन मुलं बघतात, शनिवारी मी मोजते.’ मग रक्कम. मग वर्षाअखेर काय दाखवाल ते, पण आवाक्यातलं. ‘सर्व मुले शंभर टक्के प्रगत’ असं लिहू नका, कोणी विश्वास ठेवत नाही. ‘ती सात मुलं मार्चपर्यंत चार ओळींची गोष्ट वाचतील, प्रत्येकाचं जूनमधलं आणि मार्चमधलं वाचन मी नोंदवून ठेवीन’ हे पुरेसं आहे.

आणि एक प्रश्न विचारला जाण्याआधीच त्याचं उत्तर द्या: तुमची बदली झाली तर? जिल्हा परिषदेच्या शाळेतला उपक्रम शिक्षकाबरोबर जातो, हे आम्ही इतक्यांदा पाहिलं आहे की बदलीपात्र यादीत नाव आहे का हे मी थेट विचारतो. यावर खरं उत्तर म्हणजे गावातलं दुसरं माणूस. समितीतली एखादी वाचणारी आई, अंगणवाडी ताई, सहशिक्षक. त्यांचं नाव आणि सही अर्जावर असू द्या. बदली जवळ आली असेल तर ते लपवू नका; रक्कम एका सत्रापुरती मागा.

देणारे कोण? तुमच्यासारख्या कामाला जवळचा पैसा लवकर मिळतो. गावची पतसंस्था, दूध संस्था, देवस्थान, गणेश मंडळ, तालुक्याचा रोटरी किंवा लायन्स क्लब, शिक्षकांचीच पतपेढी. कोकणात असाल तर मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा त्यांच्या बैठकीत दहा मिनिटं मागून घ्या. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे हल्ली गावोगाव होतात आणि जमलेल्या वर्गणीतून काही रक्कम उरतेच. वर्षश्राद्धाचं जेवण आवरतं घेऊन शाळेला देणारी घरंही वाढत आहेत. त्यांना नावाची पाटी हवी असते, त्यात गैर काही नाही. भिंत रंगवण्याऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर ‘यांच्या स्मरणार्थ’ असा शिक्का मारा. तो मुलंही वाचतात.

ग्रामपंचायतीला पुस्तकांसाठी फार गळ घालू नका, पण पाणी आणि शौचालयाची मागणी तिथेच न्या. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. शाळेच्या नळाला देणगीदार शोधणाऱ्या शाळा पाहिल्या की वाईट वाटतं, कारण तो खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसतो. फक्त आराखडा तयार होताना ग्रामसभेत मागणी नोंदवलेली हवी. १५ ऑगस्टला झेंडावंदनाला सगळं गाव शाळेतच असतं. त्याच दिवशीच्या ग्रामसभेत मांडा आणि इतिवृत्तात आलं का ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) जाऊन बघा.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा तुम्हाला माहीत असेल. तिथे केलेल्या कामाचा अहवाल लागतो, आधी पैसे मिळत नाहीत. पण तुम्ही ठेवलेली वाचनाची वही तिथे जशीच्या तशी उपयोगी पडेल. इन्स्पायर मानक या केंद्राच्या विज्ञान योजनेचे १० हजार रुपये सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पनेला आणि थेट त्यांच्या खात्यात मिळतात, तुमच्या शाळेला ते लागू नाही. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळेची गरज नोंदवता येते, नोंदवून ठेवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

पैसे घेताना मात्र काटेकोर राहा. स्वतःच्या खात्यावर, स्वतःच्या फोनवरच्या क्यूआर कोडवर एक रुपयाही घेऊ नका, देणारा सख्खा भाऊ असला तरी. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीला सरकारकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून ‘किंवा अन्य कोणत्याही स्रोताकडून’ आलेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवायचं काम दिलं आहे. त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, म्हणजे हिशेब गावासमोरच होतो. समग्र शिक्षेच्या शून्य शिल्लक खात्यात लोकवर्गणी घालता येत नाही. समितीचं वेगळं बचत खातं लागेल, अध्यक्ष आणि मुख्याध्यापकांच्या संयुक्त सहीचं. आधी समितीचा ठराव, मग केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहितीचं पत्र, मग रक्कम, छापील पावती, कीर्दीत (रोजच्या जमाखर्चाच्या वहीत) नोंद, बिलं, साठा नोंदवहीत पुस्तकं. हा क्रम उलटा झाला की पुढे कोणीतरी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो आणि चांगल्या कामाचा विचका होतो. देणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत हवी असेल तर त्या सवलतीचं प्रमाणपत्र (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ८०-जी) असलेल्या नोंदणीकृत न्यासामार्फत देणगी वळवावी लागेल, आणि वस्तूरूपाने दिलेल्या देणगीवर ती सवलत मिळत नाही हे त्यांना आधीच सांगा.

परदेशातला माजी विद्यार्थी पैसे पाठवतो म्हणाला तर एवढं विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय नागरिकाने परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदानात धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ती धरली जाते, आणि मग परकीय योगदानाची नोंदणी नसलेल्या खात्यात ती घेता येत नाही. दुबईत असलेल्यांचे पासपोर्ट बहुतेक भारतीयच असतात, घोळ अमेरिका-कॅनडावाल्यांचा होतो. त्यांना म्हणावं, गावी आई-वडील आहेत ना, त्यांनी स्वतःच्या पैशातून पुस्तकं आणून द्यावीत.

अहवाल मागितला नाही तरी पाठवा. एक पान आणि बिलांच्या प्रती. फोटोंचा मारा नको; दोन पुरेत, आणि त्यात पाहुण्यांच्या हातून पुस्तक घेणारी मुलांची रांग नको. मुलं वाचत बसलेली असावीत, चेहरे नीट दिसलेच पाहिजेत असं नाही. ‘गरीब, वंचित’ अशा ओळींखाली एखाद्या मुलाचा फोटो घालणं मला अजिबात पटत नाही. तो फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटात फिरतो आणि त्या मुलाला शाळेत ऐकून घ्यावं लागतं. निवडणुकीच्या हंगामात पुस्तकांबरोबर स्वतःचा फलकही आणणारे देणगीदार भेटतील. आचारसंहितेचं कारण सांगून त्यांना दोन महिने थांबवा, बरेचसे परत येत नाहीत.

राहिला टीव्ही. शाळेची वीजजोडणी चालू आहे का, मागची बिलं थकलेली नाहीत ना, आणि पावसाळ्यात खोली गळते का, या तिन्हींची उत्तरं समाधानकारक असतील तर टीव्हीसाठी वेगळा अर्ज करा. पुस्तकांच्या अर्जात तो घालू नका, आणि आमच्यासारख्या छोट्या न्यासाकडे तर नकोच. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ही त्यासाठी बरी जागा आहे. फक्त त्यांना सांगा की टीव्हीच्या किमतीबरोबर स्टॅबिलायझर आणि दोन वर्षांच्या दुरुस्तीचे पैसे धरूनच वर्गणी काढा.